सोन्याची पावडर एकट्या सोनाराच्या आवाक्यातली नाही, संघटनेच्या आहे

प्रति,
महाराष्ट्रातल्या सराफ आणि सुवर्णकार संघटनांचे सर्व पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, दागिन्यांची डिझाइन काढते, घर कोल्हापूरचं, सोनाराचं, आणि हे पत्र एकाच मागणीसाठी लिहितेय. सोनं थेट प्रिंट करणारं एक मशीन आपल्या संघटनांनी मिळून घ्यावं, ते कोल्हापूर, जळगाव, नाशिक यांपैकी कुठेतरी ठेवावं आणि त्यात लागणारी सोन्याची पावडर सभासदांच्या सोन्यातून, मेटल अकाउंटवर, म्हणजे पैशांऐवजी सोन्याच्या वजनात चालणाऱ्या खात्यावर, उभी करावी. एवढंच. पण का ते नीट सांगायला लागेल, कारण हा विषय काढला की लगेच "थ्रीडी ना, आमच्याकडे आहे की ते" असं ऐकायला मिळतं आणि बोलणं तिथेच संपतं.

तुमच्याकडे जे आहे ते रेझिनचं नाहीतर वॅक्सचं प्रिंटर आहे. चांगलंच आहे ते, माझं पोट त्याच्यावर चालतं. फाइलवरून मेणाचा पीस निघतो, त्याचा मास्टर करून रबर डाय घ्यायची किंवा पीस सरळ ट्रीला, म्हणजे मेणाच्या झाडासारख्या जोडणीला लावायचा, मग प्लास्टर, रात्रभर भट्टीत बर्नआउट म्हणजे मेण जाळून काढणं आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं सोनं. म्हणजे शेवटी कास्टिंगच झालं. साच्यात सोनं वाहत जायला पाहिजे म्हणून जाडी ठेवायची, स्प्रूचं, म्हणजे साच्यात जायच्या वाटेत गोठलेलं सोनं कापून परत मुशीत टाकायचं, कधी आत बारीक छिद्रं राहतात ती नेमकी पॉलिशला वर येतात, हे सगळं तुम्ही माझ्याहून जास्त बघितलंय. आणि चीनमध्ये थ्रीडी हार्ड गोल्ड म्हणून जे विकतात ते प्रिंट नसतंच, ते इलेक्ट्रोफॉर्मिंग, साच्यावर विजेने सोन्याचा थर चढवायचा आणि मग आतला साचा काढून टाकायचा.

मी म्हणतेय ते तिसरं. सोन्याच्या मिश्रधातूची मैद्यासारखी बारीक पावडर असते, ती एका छोट्या प्लेटवर साधारण २० मायक्रॉनच्या थराने पसरवायची म्हणजे एक मिलिमीटर उंचीला पन्नास थर, आत आर्गॉन वायू भरलेला, आणि फाइलमध्ये जिथे दागिना आहे तेवढीच जागा लेझर वितळवतो, की प्लेट खाली, की नवीन थर, की परत लेझर. काम संपलं की पावडरीत पुरलेला दागिना बाहेर काढायचा, सपोर्ट कापायचे आणि पुढे कानस, पॉलिश नेहमीसारखं. साचा नाही, ट्री नाही, डाक (सोन्याचा सांधा) नाही.

ऐकायला सोपं वाटतं पण सोनं या कामाला फार हट्टी धातू आहे. साध्या मेटल प्रिंटरचा लेझर इन्फ्रारेड असतो आणि तो सोन्यावर पडला की ९५ टक्क्यांहून जास्त परत फेकला जातो, जी थोडी उष्णता आत जाते ती पण लगेच आजूबाजूला पळते कारण सोन्यातून उष्णता झपाट्याने वाहते. २०१० मध्ये इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी शुद्ध २४ कॅरेटची पावडर लेझरने वितळवून बघितली तेव्हा तुकडे बनले पण आत पोकळ्या राहिल्या. मग यावर दोन बाजूंनी काम झालं. इटलीत व्हिचेंझाच्या पट्ट्यात, जिथे पिढ्यानपिढ्या सोन्याचंच काम चालतं, तिथे प्रोगोल्डसारख्या कंपनीने मिश्रधातूतच सुधारणा केल्या, सिलिकॉन, जर्मेनियम असे घटक अगदी थोडे घालून पावडर लेझर जास्त शोषेल असं बघितलं. २०१४ मध्ये बर्मिंगहॅमच्या कुक्सनगोल्डने जर्मनीच्या ईओएस या प्रिंटर कंपनीबरोबर खास मौल्यवान धातूंसाठीच ८० मिलिमीटर व्यासाच्या प्लेटचं छोटं मशीन बाजारात आणलं. आणि दुसरी बाजू लेझरची, २०१८ मध्ये जर्मनीच्या ट्रम्फ या लेझर कंपनीने तांबं आणि सोनं यांच्यासाठी हिरवा लेझर दाखवला, कारण हिरवा प्रकाश सोनं इन्फ्रारेडपेक्षा कितीतरी जास्त शोषतं. म्हणजे तंत्र आता प्रयोगशाळेतून बाहेर पडून खूप दिवस झालेत.

फॅशनवाले तर केव्हापासून प्रिंट वापरतायत. आयरिस व्हॅन हर्पेन या डच डिझायनरने २०१० मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला प्रिंट केलेला पोशाख रॅम्पवर आणला, आणि न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियमने नर्व्हस सिस्टिम या स्टुडिओचा एक ड्रेस घेतलाय जो हजारो छोटे तुकडे बिजागरीने आधीच एकमेकांत अडकलेल्या अवस्थेत छापलेला आहे, शिवण कुठेच नाही. ते नायलॉन आहे मान्य, पण तीच युक्ती धातूच्या पावडरीत पण चालते. कडीत कडी अडकवूनच छापायची, प्रत्येक कडी बंद करून डाक लावत बसायला नको. ज्यांनी आयुष्यभर डाक लावलीय, केडीएमचा, म्हणजे कॅडमियमच्या डाकेचा धूर छातीत घेतलाय, त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा समजवायला नको.

मग आपल्या गल्ल्यांत हे मशीन का नाही? लोक म्हणतात मशीन महाग. मशीन महाग आहेच पण त्यासाठी कर्ज मिळतं, अनुदानाच्या योजना असतात, हप्ते फेडता येतात. खरी अडचण पावडर आहे. दागिना १० ग्रॅमचा असला तरी तो जेवढा उंच तेवढी सगळी प्लेट पावडरीने भरावी लागते, कारण थर पूर्ण प्लेटवर पसरतो. हिशोब करून बघा, ८० मिलिमीटर व्यासाची प्लेट, एक सेंटिमीटर उंची, म्हणजे साधारण ५० घन सेंटिमीटर. १८ कॅरेटची घनता साडेपंधराच्या आसपास, पावडर सैल असते म्हणून त्याच्या ५५ टक्के धरू, तरी एका सेंटिमीटरला ४२५ ग्रॅमच्या आसपास पावडर जाते. त्यात शुद्ध सोनं ३२० ग्रॅम. २४ कॅरेटचा भाव १० ग्रॅमला १ लाख धरला, जो २०२५ मध्येच ओलांडून गेलाय, तर फक्त एक सेंटिमीटर उंचीसाठी ३२ लाखांचं सोनं मशीनमध्ये पडून पाहिजे. कुठला सोनार ठेवणार? माझ्या ओळखीत तरी कोणी नाही. आणि म्हणूनच हे तंत्र मोठ्या फॅक्टरीत, निर्यातवाल्यांकडे, सीप्झच्या, म्हणजे मुंबईच्या निर्यात क्षेत्राच्या कुंपणाच्या आत जातं आणि आपण बाहेर राहतो.

पण थांबा, ही पावडर खर्च होते का? नाही होत. जेवढी वितळून दागिना झाली तेवढीच गेली, बाकीची चाळून परत भरतात. म्हणजे ३२ लाखांचा खर्च नाही तो, ३२ लाखांचं सोनं फिरतं ठेवायचंय. आणि सोनं फिरतं ठेवणं हा तर आपला धंदाच आहे! पेढीवाला लगड देतो, कारागीर दागिना आणून देतो, वजनाला वजन, घट आधी ठरलेली, घडणावळ वेगळी. कारागीर सहसा स्वतः सोनं विकत घेऊन काम करत नाही. मग पावडरीचं खातं वेगळं कशाला समजायचं. शंभर सभासदांनी प्रत्येकी १० ग्रॅम शुद्ध सोनं संघटनेच्या खात्यावर ठेवलं की १ किलो होतं, त्याची १८ कॅरेट पावडर तेराशे ग्रॅमच्या वर, म्हणजे जवळपास तीन सेंटिमीटर उंचीचं काम निघू शकतं. थोडी जादा पावडर मशीनमध्ये फिरती लागतेच ती धरा. आपले बहुतेक दागिने आडवे ठेवून तीन सेंटिमीटरमध्ये बसतात. सभासदाने काम टाकायचं, दागिन्याच्या वजनाएवढं सोनं भरायचं, मशीनचं भाडं द्यायचं. सोनं त्याचं त्याच्या नावावर. बँकांचं गोल्ड मेटल लोन पण आहे, सोनं घेऊन सोन्यात फेडायचं, ते एकट्या छोट्या सोनाराला सहजासहजी मिळत नाही पण नोंदणी असलेल्या, ताळेबंद असलेल्या संस्थेने बँकेला विचारून बघायला हरकत नाही. हे करू शकणारी संस्था फक्त तुम्ही आहात म्हणून पत्र तुम्हाला, सरकारला नाही.

आता काय छापायचं. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझा जीव यात आहे.

ठुशी छापू नका. ठुशीचा मणी पत्र्याचा इतका हलका होतो की प्रिंटला तेवढी पातळ भिंत जमणार नाही, आणि तो गोफ, ती गच्च ओवणी हाताचीच. साध्या पाटल्या, गोठ, वेढणी यांना पण काही फायदा नाही, तार आणि पत्रा यांचं काम तार आणि पत्र्यानेच स्वस्त पडतं. युरोपात जे बघितलं ते सगळं इथे छापायला लागलो तर पैसे बुडतील हे मी आधीच सांगते.

पण बोरमाळ बघा. मोठा बोराएवढा मणी, पत्र्याच्या दोन वाट्या जोडून केलेला आणि आत लाख, कारण लाख नसेल तर पहिल्याच धक्क्याला पोचा येतो. मोडीला आणली की लाखेचं वजन वजा करायचं, किती वजा यावरून गिऱ्हाइकाशी वाद, गिऱ्हाइकाला वाटतं सोनाराने खाल्लं. आता तोच मणी छापला तर भिंत ०.३ मिलिमीटर ठेवायची आणि आतून बारीक जाळी, म्हणजे लाखेचं काम जाळी करते, पोचा येत नाही. १० मिलिमीटरचा भरीव मणी १८ कॅरेटमध्ये ८ ग्रॅमचा होतो, हा पोकळ मणी जाळी सोडून दीड ग्रॅमच्या आत येतो. लाख भरलेल्या पत्र्याच्या मण्यापेक्षा यात सोनं जास्तच जाईल, ते लपवायचं कारण नाही, पण जेवढं वजन काट्यावर दिसतं तेवढं सगळं सोनं असेल, मोडीला एक गुंजही वजा नाही. आणि मजा म्हणजे पोकळ वस्तू छापताना सगळ्यात मोठा प्रश्न असतो की आत अडकलेली पावडर बाहेर काढायची कुठून, त्यासाठी मुद्दाम भोक ठेवावं लागतं आणि ते दिसतं. मण्याला दोऱ्याचं भोक असतंच! आपले कितीतरी दागिने मण्यांचे आहेत, मोहनमाळ, एकदाणी, जोंधळी मण्यांची माळ. यातले मोठे मणी तरी या पद्धतीला इतके चपखल बसतात की इटलीवाल्यांना हे सुचायच्या आधी आपल्याला सुचायला पाहिजे होतं.

तसंच कोल्हापुरी साजाचं, आपल्या पारंपरिक गळ्यातल्याचं. साजाच्या पानड्यांत मासा, कासव, नरसिंह, चंद्र, शंख असे आकार असतात, पत्र्यावर ठसा मारून मागून बंद करायचं आणि आत लाख. ठसे झिजलेत, नवीन ठसा खोदणारे हात कमी झालेत, त्यामुळे आता बाजारातल्या कितीतरी साजांत मत्स्य आणि कूर्म नीट ओळखू पण येत नाहीत. जुना, रेखीव साज कोणाच्या घरात असेल तर तो स्कॅन करून, त्याची रेघ न रेघ फाइलमध्ये जपून, आतून जाळी देऊन छापता येईल. झिजलेल्या ठशावर हे तंत्र उपाय आहे, आणि ते कोल्हापुरातच व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, दुसरीकडे कुठे झालं तर आपला साज आपण विकत आणू.

कॅरेटचा मुद्दा मात्र मोठा आहे. बाहेर तयार मिळणारी पावडर बहुतेक १८ कॅरेट, कारण तिकडचं गिऱ्हाईक १८ घालतं. आपल्याला ९१६ म्हणजे २२ कॅरेट पाहिजे. १८ मध्ये हजारातले २५० भाग इतर धातूंचे असतात, तिथे लेझरला सोयीचं मिश्रण करायला जागा आहे, २२ मध्ये फक्त ८४ भाग उरतात. अशक्य नाही पण काम करावं लागेल, आणि ते काम आपल्या देशात करू शकणाऱ्या जागा आहेत, पवईला आयआयटी, पुण्यात सीओईपीचा धातुशास्त्र विभाग, हैदराबादला पावडर मेटलर्जीवर काम करणारी एआरसीआय. कोणी तरी जाऊन विचारायला पाहिजे की ९१६ ची पावडर करून द्याल का, आणि एकटा सोनार जाऊन विचारणार नाही. तोपर्यंत १८ वर सुरुवात करायला हरकत काय, भाव चढल्यापासून १८ आणि १४ चे दागिने मुली स्वतःहून मागतायत, ऑफिसला घालायला. २०२५ मध्ये तर ९ कॅरेट पण हॉलमार्किंगमध्ये घेतलंय.

हॉलमार्कवरून आठवलं. १६ जून २०२१ पासून सक्ती सुरू झाली, १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक, पण २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूला सक्ती नाही. पोकळ छापलेली कानातली सहज २ ग्रॅमच्या खाली येतील. म्हणजे दिसायला भरघोस आणि हॉलमार्कच्या सक्तीबाहेर. इथे कोणीतरी खराब कसाचा माल घुसवणार आणि सगळ्या प्रिंट दागिन्यांचं नाव जाणार, हे आत्ता दिसतंय. संघटनेच्या मशीनवर छापलेल्या प्रत्येक लॉटचा नमुना फायर असेला, म्हणजे भट्टीत वितळवून कस तपासायला जाईल, दागिना कितीही हलका असो, असा नियम तुम्ही पहिल्या दिवशी करा. आणि बिलावर लिहा की हा हाताचा, हा कास्टिंगचा, हा थेट प्रिंटचा. घडणावळ त्याप्रमाणे लावा. हाताच्या कामाची घडणावळ सांगून कास्टिंगचा माल देतात हे गिऱ्हाइकाला आता कळायला लागलंय, आणि हातावर काम करणाऱ्या कारागिराचं खरं नुकसान तिथे होतं, मशीनने नाही.

कारागिराबद्दल तुम्ही विचारालच. हे मशीन चालवायला कोण बसवायचं? मी म्हणते आपलीच पोरं. फाइल कॅडवाला करेल, पण सपोर्ट कुठे द्यायचा, कुठली बाजू पॉलिशला पोचेल, कुठे कानस जाणार नाही, हे ज्याने दागिना हातात धरून घडवलाय त्याला कळतं. प्रिंटचा पृष्ठभाग खरखरीत येतो, तो साफ करताना किती घट येईल यावर सगळा नफा-तोटा ठरतो. आणि झारेकरी! पावडर चाळणीला लागते, हातमोज्याला लागते, ब्रशला, व्हॅक्युमला, आर्गॉनच्या फिल्टरमध्ये तर लेझरचा सोनेरी धूर जाऊन बसतो. दुकानाच्या केरातून आणि गटारातून सोनं काढणारी विद्या ज्यांच्या घरात आहे त्यांना कोणी या कामाला बोलावलेलं मी ऐकलं नाही. मशीनच्या खोलीचा हिशोब त्यांच्याकडे द्या, महिन्याची तूट किती ते ते सांगतील. फक्त मास्क, हवा खेचणारी यंत्रणा, हातमोजे याच्यात काटकसर नको, इतकी बारीक पावडर छातीत जाऊ देऊन चालणार नाही, आपल्या माणसांनी भट्ट्यांपुढे आधीच पुष्कळ सोसलंय.

आणि फाइलचं संरक्षण. आज डिझाइन व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं की गेलं. कायदा आहे, डिझाइन्स अ‍ॅक्ट २०००, नोंदणी केली तर १० वर्षं आणि वाढवून आणखी ५. नोंदणी केली नाही आणि तोच दागिना यंत्राने ५० पेक्षा जास्त वेळा काढला तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तो हक्क पण जातो. किती सोनारांना हे माहितीये? प्रिंटमध्ये तर फाइल म्हणजेच ठसा. संघटनेने सभासदांच्या डिझाइनची नोंदणी एकत्र करून दिली, फी भरायला, फॉर्म भरायला मदत केली, तर मशीनपेक्षा पण जास्त दिवस टिकेल असं काम होईल.

मशीनची ऑर्डर लगेच द्या असं मी म्हणत नाहीये. आधी येत्या सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर हा विषय घ्या आणि एक चाचणी करा. सोनं प्रिंट करून देणाऱ्या एखाद्या सर्व्हिसकडून १८ कॅरेटमध्ये बोरमाळेचे काही मणी आणि साजाची दोन-तीन पानडी छापून घ्या, खर्च संघटनेने करावा, कोणा एकावर नको. बोरमाळ, मत्स्य आणि कूर्म यांच्या फाइल्स मी करून देते, त्याचे पैसे नकोत, फाइल संघटनेच्या नावावर राहू दे. ते पीस आले की चार जुन्या कारागिरांच्या हातात द्या, त्यांना ते वाकवू देत, आपटू देत, डाक लावून बघू देत कारण उद्या दुरुस्तीला हेच दागिने त्यांच्याकडे येणार आहेत, एक मणी मुशीत टाकून मोडीला किती उतरतो ते बघा, एक फायर असेला पाठवा. सगळे आकडे सभेत वाचून दाखवा आणि मग मशीनवर मतदान घ्या.

आपली नम्र,
कोल्हापूरच्या सोनार घरातली एक कॅड डिझायनर